ठोसे थांबले, पदक पाण्यात मिळाले

मुरलीकांत पेटकर यांना ऑलिम्पिक गाठायचे होते. सांगली जिल्ह्यातील पेठ गावात १९४४ मध्ये जन्मलेले पेटकर लहान वयातच लष्करात दाखल झाले आणि तेथे हौशी मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आले. टोकियो येथे १९६४ मध्ये झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते रिंगणात उतरले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यातील एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले.

ठोसा हाताने मारला जात असला, तरी त्याची ताकद पायांतून आणि कमरेतून वर येते. पाय गेले आणि पेटकर यांचे मुष्टियुद्धही संपले. शिल्लक राहिले ते कमावलेले खांदे, दंड आणि दमसास. उपचार म्हणून सुरू झालेल्या पोहण्याला नेमके तेच हवे होते. तेल अवीवच्या १९६८ च्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला मात्र ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकली. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. ऑलिम्पिकमधील पहिल्या वैयक्तिक सुवर्णासाठी देशाला २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यशस्वी होईपर्यंत थांबावे लागले.

या पराक्रमाची दखल घेण्यात झालेला विलंब अक्षम्यच म्हणावा लागेल. ‘पद्मश्री’ मिळाली २०१८ मध्ये. ‘चंदू चॅम्पियन’ हा त्यांच्यावरील हिंदी चित्रपट आला २०२४ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन जीवनगौरव पुरस्कार स्वीकारला, तेव्हा पेटकर ८० वर्षांचे होते.