उन्हात धापा टाकणारं कुत्रं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश. बाहेरची हवाच अंगापेक्षा तापलेली असल्यावर सावलीत पडूनही उष्णता आतच शिरत राहते. आपल्याला घाम वाचवतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत. एवढ्याशा जागेनं भागत नाही. म्हणून ते श्वासावाटे पाणी वाफेत घालवतं.

निवांत कुत्रं मिनिटाला १५ ते ३० श्वास घेतं. धापताना हा आकडा २०० ते ४०० वर जातो. हे श्वास उथळ असतात आणि छातीच्या स्वाभाविक लयीत पडतात, त्यामुळे एवढ्या वेगातही स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. हवा बहुतेक नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर पडते. नाकातल्या ग्रंथी आतला पडदा सतत ओला ठेवतात. त्या ओलीची वाफ होताना ती रक्तातली उष्णता ओढून नेते. जिभेतही रक्त वाढतं, म्हणून ती लांब लोंबते, लालभडक दिसते.

घरच्या कूलरचं तत्त्व हेच. जूनच्या दमट हवेत कूलर गार करेनासा होतो, तसंच धापणंही कमी पडतं. पावसाआधीचे कोंदट दिवस पारा उतरला तरी कुत्र्याला घातक ठरतात, हे आपण विसरतो. चपट्या नाकाच्या पगला तर फारच.

केळीच्या बागेतलं कुत्रं ठिबकच्या नळीजवळची ओली माती उकरून विरळ केसांचं पोट तिथं टेकतं. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढरांची रात्री राखण करणारं कुत्रं भरदुपारी निपचित पडलेलं दिसलं, तर त्याला आळशी म्हणू नये.

उन्हात लाळ गळणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. रेबीज विषाणूमुळे होतो, उन्हानं नाही. मात्र कुठलंही कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

अंगातलं तापमान ४१ अंशांपुढे गेलं की उष्माघाताचा धोका. कुत्रं झोकांड्या खातं, हिरड्या गडद लाल होतात. सावलीत आणून अंगावर पाणी ओतत राहावं, वारा घालावा. ओलं पोतं गुंडाळू नये. त्यात ऊब कोंडते. शुद्धीवर असेल तरच पाणी पाजावं आणि तसंच भिजलेलं पशुवैद्याकडे न्यावं.