उंचावरून दिसणारें गांव : जलरंगचित्राचें वाचन

उंचावरून पाहिलेल्या गांवाचें जलरंगचित्र समोर आलें कीं प्रेक्षक प्रथम त्यांतील देऊळ, नदी, रस्ता शोधूं लागतो. परंतु त्याच्याही आधीं एक प्रश्न विचारावयास हवा : चित्रकार कोठें बसला होता?

ह्याचें उत्तर बहुधा चित्रांतच असतें. परभणी जिल्ह्यांत येलदरी येथें पूर्णा नदीवर १९६८ सालीं पुरें झालेलें धरण आहे. त्याच्या भिंतीवर बसून कोणी खालच्या वस्तीचें चित्र काढलें, अशी कल्पना करावी. सपाट प्रदेशांत क्षितिजरेषा पाहणाराच्या डोळ्याच्या पातळीवर येते. म्हणून देवळाचा कळस त्या रेषेला टेकला असेल, तर चित्रकाराचा डोळा कळसाइतकाच उंच होता. देवळाच्या पायथ्यापासून क्षितिजापर्यंतचें अंतर चित्रांतील देवळाच्या उंचीच्या तिप्पट भरलें, तर तो देवळाच्या तिप्पट उंचीवर होता. साध्या पट्टीनें एवढें कळतें.

दुसरी खूण रंगांची. हवा निळा प्रकाश अधिक विखुरते. त्यामुळें दूरचे डोंगर निळसर व फिकट भासतात. जलरंगांत हा फिकेपणा पाणी वाढवून साधतात. चुन्यानें सारवलेली पांढरी भिंत म्हणजे तर पुष्कळदां कोरा राखलेला कागदच असतो.

मात्र प्रत्येक चित्राला ही पट्टी लागू पडत नाहीं. तीर्थक्षेत्रांच्या जुन्या देशी चित्रांत अंगण वरून आणि दरवाजा समोरून दिसतो. त्यास दोष मानूं नये. यात्रेकरूला क्षेत्र जसें फिरून कळतें, तसेंच तें तेथें मांडलेलें असतें. पुण्यास अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गंगाराम तांबट ह्यानें ब्रिटिश वकील सर चार्ल्स मॅलेट ह्याच्यासाठीं वेरूळचीं लेणीं व पर्वतीची टेकडी ह्यांचीं चित्रें काढलीं. अशा चित्रांपुढें देशी व पाश्चात्त्य, दोन्ही रीति ध्यानांत ठेवाव्या लागतात.

उंचीची किंमतही द्यावी लागते. वरून गल्ल्यांची रचना उलगडते, मराठवाड्यांतील मातीचीं माळवदें आणि त्यांवर वाळत घातलेलें धान्य दिसतें. पण तें वाळत घालणारी बाई एक ठिपका होऊन राहते. धरणाच्या दुसऱ्या अंगास नुसतें पाणी दिसतें. त्याखालीं गेलेलें शिवार कितीही उंच चढलें तरी दिसावयाचें नाहीं. म्हणून चित्रांत काय आहे हें पाहून झाल्यावर, त्या जागेवरून काय दिसूंच शकत नव्हतें, हेंही सुज्ञ प्रेक्षकानें स्वतःस विचारावें.