दलाली कोण देणार?

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याच्या घडणावळीवरून घासाघीस होते, पण घडणावळ देणारच नाही असं कुणी गिऱ्हाईक म्हणत नाही. त्याच ओळीतलं दुकान विकलं जातं तेव्हा मात्र दलालाची मजुरी सगळ्यांना जड वाटते.

या सराफ्यात मी ज्या दलाल काकांबरोबर हिंडलो ते तात्यापारा वस्तीतले, मराठी. जागा होती खाली दुकान, वर घर अशी. बयाना देऊन झाला होता, रजिस्ट्री तोंडावर आली होती, आणि घेणारे शेठजी म्हणाले, "दलाली तो बेचनेवाला देगा. हमने आपको बुलाया थोड़े था!"

काकांनी टक्क्याचं नावही काढलं नाही. फाइल उघडून एकेक कागद गादीवर ठेवला. मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध. वरच्या भाडेकरूचं जागा सोडत असल्याचं पत्र. आणि विकणाऱ्याच्या, लग्न होऊन नागपूरला गेलेल्या दोन बहिणींची संमती. 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. या दोन सह्या राहिल्या असत्या तर शेठजींच्या गळ्यात दुकानाबरोबर दावाही पडला असता.

"ये काग़ज़ कौन लाया, सेठजी?"

शेठजींनी बहिणींचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "कुछ तो कम कीजिए." म्हणजे द्यायचे की नाही हा वाद संपला होता, उरला होता आकडा. काका आकड्यावरून हलले नाहीत. अर्धे रजिस्ट्रीच्या दिवशी, अर्धे ताबा मिळाल्यावर, एवढी सवड त्यांनी दिली. शेठजी कबूल झाले.

काकांना एवढं ठाम राहता आलं ते पहिल्याच भेटीत करून घेतलेल्या चिठ्ठीमुळे: जागा कुठली, टक्का किती, कोण देणार, कधी देणार, खाली सही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत दलालाचा मोबदला देय होत नाही. मग पूर्ण कशाला म्हणायचं, हे आधी लिहिलेलं बरं. 2016 च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. जुन्या बाजारातलं दुकान त्यात येत नाही. तिथे चिठ्ठीच कामाला येते.

दलालीला नकार देणाऱ्याचंही एका ठिकाणी मला पूर्ण पटतं. काही जण मालकाला बयाना देऊन जागा बांधून घेतात आणि तोच सौदा भाव चढवून दुसऱ्याला देतात. मधली रक्कम त्यांची. उघड सांगून केलं तर तो धंदा आहे, त्यात त्यांचा पैसा अडकलेला असतो. पण घेणाऱ्याचा माणूस म्हणून मिरवायचं आणि वरचे पैसे लपवून खायचे, ही फसवणूक आहे. असा लपवलेला नफा मागून घेण्याचा हक्क तोच 1872 चा कायदा घेणाऱ्याला देतो.

जागा बघायला निघण्याआधी दलाली विचारा, ती कागदावर घ्या, आणि मालकाच्या भावावर वरचे किती लावलेत हेही विचारा. उत्तर सरळ मिळालं आणि कागद चोख आले, तर ठरल्या दिवशी त्या माणसाचे पैसे पूर्ण द्या.