मॉरिशसचा व्हायरल ‘समुद्राखालचा धबधबा’ गाडीतून दिसतच नाही, मग एका दिवसाच्या प्रायव्हेट टूरमध्ये दिसतं तरी काय?

इन्स्टाग्रामवर एक रील गेली कित्येक वर्षं फिरतंय. हिरवट-निळा समुद्र, त्यात मधोमध पाणी खोल दरीत कोसळतंय असं वाटणारा पांढरट झोत आणि मागे एकटाच उभा असलेला डोंगर. खाली लिहिलेलं असतं, मॉरिशसचा अंडरवॉटर वॉटरफॉल.

हनिमूनला निघालेली जोडपी हे रील सेव्ह करतात, ट्रॅव्हल एजंटला पाठवतात आणि ‘साऊथ आयलंड टूर’ प्रायव्हेट गाडीने बुक करतात. ठरल्या दिवशी गाडी त्याच डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहते. डोंगर असतो, समुद्र असतो, धबधबा मात्र कुठेच नसतो.

यात फसवलं कुणीच नाही. धबधबा मुळातच नाहीये. ल मॉर्न या डोंगरासमोर प्रवाळाच्या भिंतीने अडवलेलं उथळ पाणी आहे आणि त्या भिंतीला एक खिंड आहे. प्रवाहाबरोबर वाळू आणि गाळ त्या खिंडीतून खोल पाण्याकडे ओढला जातो. उथळ भागातली फिकट वाळू आणि पलीकडचा गडद निळा रंग यांच्यामुळे उंचावरून बघणाऱ्याला पाणी पडल्याचा भास होतो. भास होण्यासाठी उंची लागते, म्हणजे हेलिकॉप्टर. त्याचं तिकीट वेगळं आणि ते बऱ्यापैकी महाग. किनाऱ्यावर उभं राहून फक्त सुंदर समुद्र दिसतो.

पण या एका न दिसणाऱ्या गोष्टीपायी उरलेला दिवस वाया गेला असं वाटून घेणं हा सौदा फार तोट्याचा आहे.

आधी प्रायव्हेट टूर म्हणजे काय ते बघू. मॉरिशसचं मुख्य बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढं. त्यामुळे ‘एका दिवसात बेट’ ही कल्पना कागदावर सोपी वाटते. एजंट लोकांनी त्याचे दोन तुकडे पाडलेत. नॉर्थ टूर म्हणजे राजधानी पोर्ट लुई आणि आसपास. साऊथ टूर म्हणजे मधलं पठार आणि नैऋत्येचा कोपरा. हीच टूर ‘एसआयसी’ने केली, म्हणजे बसमधली सीट घेतली, तर माणशी पैसे आणि वेळापत्रक त्यांचं. प्रायव्हेट केली तर पैसे गाडीचे आणि वेळापत्रक, निदान नावापुरतं, तुमचं.

‘नावापुरतं’ म्हणायचं कारण असं की बरेच लोक पैसे प्रायव्हेटचे भरतात आणि फिरतात बसवाल्यांच्याच क्रमाने. तो क्रम ठरलेला आहे. सकाळी हॉटेलातून उचलायचं, क्युरपिप गावात लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींचं वर्कशॉप आणि दुकान दाखवायचं, मग त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचं विवर, मग गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट, दुपारी शामारेलला जेवण, जेवून धबधबा आणि सात रंगांची माती, आणि उरलंच काही तर ल मॉर्न.

या यादीत वेळ खाणारी जागा कोणती? दुकान. पर्यटक ज्या दुकानात नेला जातो, तिथे गाडी आणणाऱ्याला कमिशन असणं ही जगभरातल्या पर्यटनाची रीत आहे आणि मॉरिशस त्याला अपवाद नाही. जहाजांचं काम बघण्यासारखं असतं, नाही असं नाही. पण तिथे पाऊण तास गेला की त्याची भरपाई संध्याकाळी ल मॉर्नवर होते, अंधारात. हे बेट दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी असते तेव्हा तिथे थंडी सुरू होत असते आणि सूर्य सहाच्या आत बुडतो. त्यामुळे दुकान नको, हे गाडीत बसतानाच गोड शब्दांत सांगून टाकलेलं बरं. गोड शब्द हिंदीत चालतात, बऱ्याच ड्रायव्हरांना हिंदी कळते. एरवी तिथली बोली क्रिओल, काही घरांत फ्रेंच आणि भोजपुरीही. नोटांवरही देवनागरी अक्षरं आहेत.

दुसरी गोष्ट हवा. किनाऱ्यावर कडक ऊन असतं म्हणून लोक टी-शर्टवर निघतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने पठारावर कुडकुडतात. आग्नेयेकडून येणारे वारे समुद्रावरचं बाष्प घेऊन या पठाराला धडकतात आणि इथेच रिकामे होतात. पलीकडचा पश्चिम किनारा त्यामानाने कोरडा राहतो. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्यापलीकडचा देश, हाच हिशोब, फक्त छोट्या मापाचा. दुपारनंतर पठारावर ढग उतरले की व्ह्यू पॉइंटवर पांढऱ्या पडद्याशिवाय काही उरत नाही. म्हणून पठार सकाळी आटपायचं.

आता गंगा तलाव. हे तळं म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचं पाण्याने भरलेलं मुख. फ्रेंच नाव ग्रां बासें, जुन्या लोकांच्या तोंडी परी तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेतल्या त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तळ्याचं पाणी गंगेशी जोडलेलं आहे. १८९८ मध्ये पहिली यात्रा निघाली. १९७२ मध्ये भारतातून गंगाजल आणून त्यात ओतलं गेलं आणि नाव पडलं गंगा तलाव. वाटेवर दिसणारी शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती बरीच अलीकडची, २००७ ची.

फोटो सगळे मूर्तीचेच असतात. पण बघायची गोष्ट तळ्याच्या काठावर आहे. भारतातून नेलेली माणसं ऊस तोडत राहिली, परतीची वाट बहुतेकांना बंद झाली आणि त्यांनी आपली गंगाच इथे आणून वसवली. महाशिवरात्रीला लाखो लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावड घेऊन चालत येतात. त्या आठवड्यात या रस्त्याने एका दिवसाची टूर ठरवणं म्हणजे आषाढी वारीच्या दिवशी पुणे-सासवड रस्त्यावर गाडी घालणं.

गंगा तलावापासून पुढचा रस्ता जंगलातून जातो. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे. व्ह्यू पॉइंटवर बस थांबते, सेल्फी होतो, बस निघते. तिथे दहा मिनिटं गप्प उभं राहिलं तर दरीत लांब शेपटीचे पांढरे पक्षी तरंगताना दिसतात. डोडो याच बेटावरचा आणि तो सतराव्या शतकात संपला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच रांगेत मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणाही उभा होता. १९७४ मध्ये रानात त्याचे फक्त चार पक्षी उरल्याची नोंद आहे. अंडी काढून, कृत्रिमरीत्या उबवून, पिल्लं परत सोडून तो वाचवला गेला, याच डोंगरांत. पॉइंटवरची माकडं मात्र इथली नव्हेत, ती जहाजांतून आलेली. आणि मूळ पक्ष्यांच्या अंड्यांवर तीच ताव मारतात. त्यांना बिस्किट देऊ नये.

जेवणाचं म्हणाल तर व्ह्यू पॉइंटपाशी तिखट-मीठ लावलेलं अननस मिळतं आणि गावागावांत ढोल पुरी. डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, रस्सा आणि चटणीसोबत, एका वेळी दोन. पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. रेस्टॉरंटमधलं निवांत जेवण दीड तास घेतं, ढोल पुरी दहा मिनिटं. घाईच्या दिवशी हा फरक ल मॉर्नला कळतो.

मग येतं शामारेल, टूरचं नाक. आधी धबधबा. हा खराखुरा, ८० मीटरहून उंच, एका धारेत पडणारा. आणि पुढे, त्याच खासगी इस्टेटीत, सात रंगांची माती.

इथेही रील आणि डोळे यांच्यात फरक पडतो. रीलमध्ये फिल्टर लावून रंग इतके पेटवलेले असतात की प्रत्यक्षात बघणारा म्हणतो, एवढंसंच? जागा खरंच लहान आहे, साधारण एका फुटबॉलच्या मैदानाएवढी, आणि कठड्याबाहेरूनच बघायची. लाल, तपकिरी, जांभळट, निळसर, पिवळट अशा लाटा. पण ही माती मराठी माणसाला अनोळखी वाटायचं कारण नाही. इथला मूळ खडक बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. उष्ण आणि दमट हवेत हजारो वर्षं पाऊस पडत राहिला की त्यातले विरघळणारे घटक वाहून जातात आणि लोखंड व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात. लोखंडाने लाल-तपकिरी छटा येते, ॲल्युमिनियमने निळसर-जांभळट. याच प्रक्रियेने पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा तयार झाला. कोकणातली चिऱ्यांची घरं त्याच कुळातल्या दगडाची.

नातं तिथेच थांबत नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच जागेने पुढे मालदीवची रांग आणि सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडवलं. जमिनीचे पट्टे वरून सरकत गेले, भट्टी खाली तशीच राहिली. ती आज शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही पेटतो. पुण्याहून निघालेला माणूस शामारेलच्या कठड्याला टेकून उभा असतो तेव्हा तो साधारण आपल्याच घराच्या पायाकडे बघत असतो. बसमधला गाइड हे सांगेलच असं नाही. तो म्हणतो, ही माती बाटलीत भरून मिळते. मिळते खरी, सात थरांची, पुढच्याच दुकानात.

शामारेलला बस दुपारी पोहोचतात. प्रायव्हेट गाडी क्युरपिप गाळून थेट गंगा तलावाला गेली तर अकराच्या आसपास शामारेलला टेकते. गर्दी यायच्या आत माती बघून होते, वर दुपार मोकळी. जादा पैशांत विकत घेतलेली खरी वस्तू हीच. एसी, पाण्याची बाटली वगैरे बसमध्येही असतं. आपल्याकडची रस काढण्याची चरकी ज्यांना आवडते त्यांच्यासाठी इथे उसाच्या ताज्या रसापासून रम बनवणारी डिस्टिलरीही आहे. ड्रायव्हरने चव घ्यायची नाही एवढं बघावं.

शामारेलहून घाट उतरला की समुद्र आणि ल मॉर्न. ५५६ मीटरचा, जवळजवळ सरळ कड्यांचा डोंगर. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या गुहांमध्ये आणि माथ्यावर लपून राहत. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. तिथले लोक सांगतात की तुम्ही मोकळे झालात हे कळवायला शिपाई डोंगराकडे निघाले, वरच्यांना वाटलं पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही लोककथा आहे, पण पळालेल्यांचा तळ इथे होता यावर शंका नाही. २००८ मध्ये युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो याच कारणासाठी. पायथ्याशी या इतिहासाचं दगडी शिल्पांचं स्मारक आहे. बहुतेक गाड्या त्याच्या बाजूने थेट बीचवर जातात.

आणि इथे टूरच्या वाटणीतली मोठी चूक दिसते. गुलाम मोकळे होणार म्हटल्यावर मळेवाल्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी भारतातून ३६ मजूर घेऊन जहाज पोर्ट लुईला लागलं. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये आले. बहुसंख्य बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि कोकणातलेही. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथल्या शाळांत मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते आणि २०२३ मध्ये मोका इथे शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातलं कास्काव्हेल गाव मराठी वस्तीसाठी ओळखलं जातं, आणि ल मॉर्नहून किनाऱ्याने वर परतणारी गाडी त्याच्या जवळून जाते. थांबा मात्र कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

म्हणजे गोष्ट एकच, पण तिचा पूर्वार्ध साऊथ टूरमध्ये आणि उत्तरार्ध नॉर्थ टूरमध्ये. उत्तरार्धाची जागा म्हणजे पोर्ट लुईच्या बंदरातला आप्रवासी घाट. उतरलेल्या मजुरांनी ज्या १६ दगडी पायऱ्या चढल्या, त्या तिथे अजून आहेत. हाही २००६ पासून जागतिक वारसा.

ज्यांचा मुक्काम उत्तरेला ग्रां बे वगैरे भागात आहे, त्यांची साऊथ टूरची गाडी सकाळी पोर्ट लुईच्या ट्रॅफिकमधून, या घाटाच्या अगदी शेजारून दक्षिणेकडे जाते. ज्यांच्याकडे बेटासाठी एकच दिवस आहे त्यांनी बुकिंग करतानाच लिहून घ्यावं: जहाजांचं दुकान नको, त्याऐवजी घाटावर अर्धा तास. प्रवेश तिकिटं गाडीभाड्यात धरली आहेत की वेगळी, गाडी किती तासांची, जादा तासाचे किती, आणि हॉटेल कुठल्या किनाऱ्याला आहे हे त्यांना नीट कळलंय का, तेही त्याच मेसेजमध्ये विचारून घ्यावं. उत्तरेतून शामारेल गाठायलाच दीड ते दोन तास जातात.