पेटींतलें गलबत

शिडाच्या जहाजांच्या लांकडी प्रतिकृति घरीं जोडण्याचे संच हल्लीं विकत मिळतात. पेटींत बारीक पट्ट्या, कापून ठेवलेल्या फांसळ्या, डोलकाठ्यांसाठीं गोल काड्या, शिडांचें कापड, दोऱ्याच्या गुंड्या आणि एक मोठा नकाशा असतो. हें मुलांचें खेळणें आहे अशा समजुतीनें जो पेटी उघडतो, त्याची ती समजूत पहिल्या आठवड्यांतच मावळते. काम महिनोगणती चालणारें आहे; आणि आमच्यासारख्या पुस्तकी घरांत तें अवश्य शिरलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कामाचें स्वरूप पाहूं. जहाजाच्या तळाचा कणा, ज्यास कोंकणांत पठाण म्हणतात, तो आधीं मांडावयाचा. त्यावर फांसळ्या काटकोनांत बसवावयाच्या. आणि मग एकेक पट्टी चढवावयाची. पट्ट्या पाण्यांत भिजवून वांकवाव्या लागतात. डावीकडे एक बसली कीं उजवीकडे एक, हा क्रम मोडतां येत नाहीं. एकच बाजू आधीं पुरी केल्यास सुकणाऱ्या पट्ट्या कण्यास आपल्याकडे ओढतात व जहाज जन्मतःच वांकडें होतें. खरी कसोटी पुढेंच आहे. जहाजाचा घेर मध्यें मोठा आणि नाळेशीं, म्हणजे पुढील टोंकाशीं, लहान. म्हणून प्रत्येक पट्टी टोंकाकडे निमुळती तासावी लागते. हें वाक्य वाचण्यास पळभर पुरतो; हातास तें कळण्यास कित्येक पट्ट्या खर्ची पडतात. शिवाय गणित आहेच. १५० फुटांचें जहाज ६४ व्या भागाच्या प्रमाणांत सुमारें २८ इंचांचें होतें. त्यांत इंचाचा बत्तिसावा भाग चुकला, तर खऱ्या जहाजांत ती दोन इंचांची फट होय. आणि दोन इंचांच्या फटीनें जहाज बुडतें.

आतां या पेट्यांत जहाजें कोणाचीं असतात? नेल्सनचें व्हिक्टरी किंवा बंडामुळें प्रसिद्ध झालेलें बाउंटी सहज मिळतें. आंग्र्यांची गुराब मात्र शोधीत फिरावें लागतें. यांत परकीयांचा पक्षपात नाहीं. त्या जहाजांचे नकाशे राहिले. आमचे कारागीर नकाशावांचून, नजरेनें व हाताच्या मापानें बांधीत. कागदाचें बळ केवढें असतें याचें उदाहरण मुंबईचेंच घ्या. वाडिया घराण्यानें तेथील गोदींत १८१७ सालीं ट्रिंकोमाली हें लढाऊ जहाज सागवानाचें बांधलें. त्याचे नकाशे विलायतेहून जावा नांवाच्या जहाजावरून निघाले होते. परंतु १८१२ च्या डिसेंबरांत अमेरिकनांनीं तें जहाज जिंकून नष्ट केलें व नकाशेही गेले. तेव्हां दुसरी प्रत पाठविण्यांत आली, जहाज पुरें झालें, आणि तें आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर आहे.

गुराबेची अशी दुसरी प्रत नव्हती. ती कशी असे हें जाणण्यास रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचें बोट धरावें लागतें. तो सांगतो कीं दोन डोलकाठ्यांची गुराब फार तर १५० टनांची व तीन डोलकाठ्यांची सुमारें ३०० टनांची असे. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ, आणि पुढील टोंक निमुळतें होत पुढें आलेलें. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर. त्यास चाळीस-पन्नास वल्हीं. आमच्या आरमाराचें वर्णन आम्हांस परक्याच्या ग्रंथांत वाचावें लागतें! १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें. तोफा इंग्रजांच्या होत्या. परंतु त्यांना आपल्याच सरदाराविरुद्ध साह्य केलें होतें पुण्यानें, नानासाहेब पेशव्यांनीं. समुद्रापासून दूर बसून समुद्राचा निर्णय घेतला, कीं असें होतें.

आमच्या संस्कृत ग्रंथांत कांहींच नाहीं काय? आहे. भोजराजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत नौकांचे प्रकार, लांबीरुंदीचीं प्रमाणें व लांकडाच्या जाती दिल्या आहेत. समुद्रांत जाणाऱ्या नौकेस लोखंडाचे सांधे नसावेत, नाहीं तर लोहचुंबक तिला ओढील, असा इशाराही आहे. ती दोरीनें बांधावी. परंतु भोंक कोठें पाडावें, दोरी कशी ओवावी, तें भोंक पुन्हां कशानें बुजवावें, हें तेवढ्यावरून कळत नाहीं. येथें येरवड्यास डेक्कन कॉलेजांत १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचें थोर कार्य चाललें आहे. कोश शब्दाचा अर्थ सांगेल. फळीचा बाक सांगणें हें त्याचें काम नव्हे.

तो सांगणारा कोण, हें अलीकडे प्रत्यक्ष दिसून आलें. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकाच्या चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचें जहाज पुन्हां उभारण्याचें काम २०२३ सालीं गोव्यांत सुरू झालें. मूळ नकाशा नव्हताच. म्हणून आय. आय. टी. मद्रासच्या साह्यानें आधीं लहान प्रतिकृतीवर पाण्यांत परीक्षा घेतल्या गेल्या. केरळांतील कारागिरांनीं काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवल्या. मे २०२५ मध्यें कारवार येथें तें 'कौंडिण्य' या नांवानें नौदलांत दाखल झालें. डिसेंबरअखेर पोरबंदर सोडून जानेवारी २०२६ मध्यें तें मस्कतला पोंचलें. चित्र होतें, ग्रंथ होता. तरी जहाज झालें तें शिवण जाणणारे हात शिल्लक होते म्हणून.

आमच्या समाजांत लेखणी एका घरीं राहिली आणि वाकस दुसऱ्या घरीं. आम्हीं मुलांकडून 'नौ' शब्द साती विभक्तींत घोकून घेतला. नौका कशी बांधतात हें विचारण्यास सुताराच्या ओट्यावर कधीं गेलों नाहीं. ज्याच्या हातीं विद्या होती त्यास लिहितां येत नव्हतें, आणि ज्यास लिहितां येत होतें त्यानें चौकशी केली नाहीं. गुराब बुडाली ती या दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर.

म्हणून पालकांस सुचवावेंसें वाटतें कीं, मुलामुलींस अशी एखादी पेटी आणून द्यावी. प्रारंभ एका डोलकाठीच्या लहान होडीनें करावा. अनेक शिडांचें मोठें जहाज पहिल्या खेपेस घेऊं नये. पेटी महाग वाटल्यास ओळखीच्या सुताराकडून सागाच्या पातळ पट्ट्या तासून घ्याव्या, आणि त्यासच गुरुस्थानीं बसवावें. काम चालतां चालतां कोणती पट्टी कशी बसली, कां फुटली, हें रोजच्या रोज वहींत लिहावयास लावावें. पुढें एखाद्या सुटींत कोंकण किनाऱ्यावर, जेथें अजून लांकडी होड्या बांधतात तेथें, त्यांस घेऊन जावें. वही बरोबर असावी.