आपले देशी खेळ आणि क्रिकेट

अजिंठ्याची लेणी तुम्ही पाहिली असतील. पाहिली नसतील तर पुढेमागे नक्की पाहाल. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका जातककथेची चित्रे आहेत. त्यांत इरंदती नावाची नागकन्या झोक्यावर बसून झोके घेताना दिसते. याच कथेत एक यक्ष राजाबरोबर फाशांचा डाव मांडतो आणि त्याला हरवतो. ही चित्रे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. खेळ ही माणसाच्या जीवनातील किती जुनी गोष्ट आहे, हे त्यांवरून कळते.

आता लेण्यांतून बाहेर येऊ या. अजिंठा गावात, सिल्लोडला किंवा छत्रपती संभाजीनगरात सुटीच्या दिवशी फेरफटका मारा. मोकळी जागा दिसली की तेथे बहुधा क्रिकेटच चाललेले असते. यष्ट्या नसतील तर विटा रचलेल्या असतात. बॅट नसेल तर फळी चालते. हुतुतू, लगोरी, विटीदांडू मात्र क्वचितच दिसतात. म्हणून काही वडीलधारी माणसे विचारतात, "या क्रिकेटने आपले सगळे खेळ गिळून टाकले का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रागावून किंवा हसून तो सुटणार नाही. आपण त्याचा नीट विचार करू.

क्रिकेट हा मूळचा इंग्लंडचा खेळ. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला. मुंबईच्या पारशी तरुणांनी १८४८ मध्ये 'ओरिएंटल क्रिकेट क्लब' स्थापन केला. भारताचा संघ पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर खेळला. तरीही बरीच वर्षे हा खेळ मुख्यतः शहरांपुरताच होता. खेड्यांतील लोक रेडिओवर त्याचे वर्णन ऐकत. १९८३ मध्ये कपिलदेव यांच्या संघाने विश्वचषक जिंकला. त्याच सुमारास घरोघर दूरदर्शन संच येऊ लागले आणि क्रिकेट खेड्यापाड्यांत पोहोचले.

२००८ मध्ये आयपीएल ही स्पर्धा सुरू झाली. ती साधारणपणे मार्च ते मे या महिन्यांत, म्हणजे तुमच्या परीक्षा आणि सुटीच्या काळात होते. या स्पर्धेचे पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. जेथे एवढा पैसा, तेथे जाहिराती, प्रसिद्धी आणि मोठी मैदाने आलीच.

क्रिकेटने लहान गावांतील मुलांना संधीही दिली, हे विसरून चालणार नाही. श्रीरामपूरचा झहीर खान भारताचा मोठा गोलंदाज झाला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. जालन्याचा विजय झोल २०१४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताचा कर्णधार होता. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. मग मुलींनाही बॅट हाती घ्यावीशी वाटली तर त्यात नवल ते काय?

आता दुसरी बाजू पाहू. विटीदांडू हा खेळ तुमच्या घरी 'गिल्ली-डंडा' या नावाने ओळखीचा असेल. जमिनीत एक लहानशी खाच करायची. तिला गल म्हणतात. गलीवर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने ती लांब कोलायची. पुढे विटी जेथे पडेल तेथपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. मोजताना महाराष्ट्रातील मुले 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे म्हणत. हे कोणते आकडे? तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार यांना 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' म्हणतात. म्हणजे मराठी मुले खेळता खेळता शेजारच्या भाषेतील आकडे म्हणत होती आणि त्यांना ते ठाऊकही नव्हते! खेळ बंद पडला की असे शब्दही हळूहळू विसरले जातात. हे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

सूरपारंब्यांचेही असेच झाले आहे. वडाच्या झाडाखाली हा खेळ चाले. एकाने पायाखालून काठी दूर फेकायची. ज्याच्यावर राज्य असेल त्याने धावत जाऊन ती आणायची. तेवढ्यात बाकीच्यांनी पारंब्यांना धरून झाडावर चढायचे. या खेळाला ना चेंडू लागतो, ना बॅट. पण वडाचे झाड मात्र लागतेच. रस्ते रुंद झाले, घरे वाढली आणि जुनी झाडे गेली. झाडच नसेल तर सूरपारंब्या कोठे खेळणार? विचार करा, हा खेळ क्रिकेटने बंद पाडला काय?

आता कबड्डीकडे वळू. महाराष्ट्रात पूर्वी तिला हुतुतू म्हणत. बंगालमध्ये तिचे नाव हाडूडू. क्रिकेटमुळे सगळेच देशी खेळ संपत असतील, तर कबड्डी केव्हाच संपायला हवी होती. पण झाले उलटेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंदविजय जिमखाना यांसारख्या संस्थांनी हुतुतू आणि खो-खो यांचे नियम ठरवून दिले. त्यापूर्वी गावोगावी नियम वेगळे असत. मग दोन गावांचा सामना झाला की खेळापेक्षा भांडणच जास्त व्हायचे. नियम एक झाल्यावर सामने सुरळीत होऊ लागले. १९३६ मध्ये जर्मनीत बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. तेथे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. पुढे शंकरराव साळवी यांनी आपले आयुष्य कबड्डीच्या प्रसाराला वाहिले. त्यांना सर्वजण प्रेमाने 'बुवा' म्हणत. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

१९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. पुढे २०१४ पर्यंत प्रत्येक आशियाई स्पर्धेत पुरुषांचे सुवर्णपदक भारतालाच मिळाले. २०१८ मध्ये इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य सामन्यात आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवले. आपल्याला वाईट वाटले, पण त्यातही एक आनंदाची गोष्ट आहे. आपल्या मातीतला खेळ दुसऱ्या देशाने इतका आपलासा केला, की तो आपल्यालाच हरवू शकला! २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत सुवर्णपदके परत मिळवली. दरम्यान २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कबड्डीचे सामनेही लोक घरी बसून पाहू लागले.

खो-खोची गोष्टही अशीच आहे. मराठवाड्यातील धाराशिवच्या सारिका काळे यांनी भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. वीसहून अधिक देशांचे खेळाडू तीत आले होते. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही अजिंक्यपदे मिळवली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

देशी खेळांची काळजी वाटणारे आपण एकटेच नाही. युरोपात आयर्लंड नावाचा एक लहान देश आहे. आपल्याप्रमाणेच तेथेही इंग्रजांचे राज्य होते. 'हर्लिंग' हा त्या देशाचा जुना खेळ. टोकाशी रुंद असलेल्या वाकड्या काठीने तो खेळतात. त्यांचा स्वतःचा एक फुटबॉलही आहे. तो हातांनी आणि पायांनी खेळला जातो. या खेळांच्या रक्षणासाठी १८८४ मध्ये तेथे एक संस्था स्थापन झाली. रग्बी, क्रिकेट यांसारखे इंग्रजी खेळ आपल्या सदस्यांनी खेळू नयेत, पाहूसुद्धा नयेत, असा कडक नियम तिने केला. पुष्कळ वर्षे हा नियम चालला. १९७१ मध्ये संस्थेनेच तो रद्द केला. २००७ मध्ये तर डब्लिन शहरातील तिच्या क्रोक पार्क या भव्य मैदानावर आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यात रग्बीचा सामना झाला. आयर्लंडने तो ४३-१३ असा जिंकला.

मग हर्लिंग बंद पडले का? नाही. आज रग्बी तेथे फार लोकप्रिय आहे. तरी हर्लिंगच्या अंतिम सामन्याला ते मैदान अजूनही प्रेक्षकांनी भरून जाते. कारण त्या संस्थेने नुसती बंदी घातली नव्हती. तिने गावोगावी संघ, मैदाने आणि शिक्षक उभे केले होते. बंदी उठली, पण मैदाने राहिली. म्हणून खेळही राहिला.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. एक खेळ लोकप्रिय झाला म्हणून दुसरा खेळ मरतोच असे नाही. नियम, मैदान, शिकवणारा माणूस आणि स्पर्धा या चार गोष्टी असल्या, की खेळ टिकतो. कबड्डी आणि खो-खो यांना त्या मिळाल्या. शाळांनी त्यांना तासिका दिल्या. उत्तम खेळाडूंना पोलीस दलात, रेल्वेत नोकऱ्या मिळाल्या. विटीदांडू, सूरपारंब्या, लगोरी यांना हे सारे फारसे मिळाले नाही. ते खेळ मोठी मुले लहान मुलांना शिकवत, एवढाच त्यांचा आधार होता. संध्याकाळ दूरदर्शनसमोर आणि मोबाइलवर जाऊ लागली, तेव्हा तो आधार सुटला.

मैदान किती मोलाचे असते, हे मुंबईच्या एका उदाहरणावरून कळेल. लालबाग-परळ भागात पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या. तेथील कामगारांच्या वस्त्यांत कबड्डीची अनेक मंडळे होती. १९८२ मध्ये गिरण्यांत मोठा संप झाला. नंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. मोकळ्या जागा कमी झाल्या. त्याचा फटका कबड्डीला बसला, तसाच गल्लीतील क्रिकेटलाही बसला. जागेच्या बाबतीत तरी हे दोन खेळ शत्रू नाहीत. दोघांचे दुखणे एकच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मोठ्या स्पर्धांतील कबड्डी आता मातीवर नव्हे, मॅटवर खेळतात. कुस्तीचे तर हे फार पूर्वीच झाले. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव मातीच्या आखाड्यात तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले आणि ते सहावे आले. नंतर त्यांनी कसून तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. आजही खेड्यातील मुलगा मातीवर कबड्डी शिकतो आणि मोठ्या स्पर्धेत त्याला एकदम मॅटवर उतरावे लागते. मॅट महाग असते आणि बूटही लागतात. तालुक्याच्या ठिकाणी मॅट मिळाली नाही, तर आपलाच खेळ आपल्याच मुलांना परका होईल. हे संकट क्रिकेटने आणलेले नाही. म्हणून त्याचा उपायही क्रिकेटला नावे ठेवून होणार नाही.

तुम्ही उर्दू शिकता, म्हणून एक गंमत सांगतो. मैदान, पहिलवान, बाजी, शर्यत हे मराठी शब्द तुम्हांला परके वाटतात का? नाही वाटत. कारण ते फार्सी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. नवे शब्द आल्याने मराठी मेली नाही, ती समृद्ध झाली. मात्र घरातील बोलणेच बंद झाले असते, तर कोणतीही भाषा टिकली नसती. खेळांचेही तसेच आहे. क्रिकेट आले, ते आता आपलेच झाले आहे. ते जरूर खेळा. पण दुसरे खेळ खेळायचे सोडून देऊ नका.

क्रिकेटला बॅट, चेंडू आणि पुष्कळ जागा लागते. फलंदाजी दोघे करतात आणि बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहतात. खो-खोला २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब पुरतात. नऊ जण एका बाजूने खेळतात आणि दुसऱ्या बाजूचे तिघे तिघे मैदानात उतरून पळतात. खर्च जवळजवळ काहीच नाही. ज्या शाळेजवळ पैसा कमी आणि मुले जास्त, तिला याहून सोयीचा खेळ कोणता?

या सुटीत एक काम करा. तुमच्या दादाजान-नानीजानना विचारा, "तुम्ही लहानपणी काय खेळत होता?" त्या खेळाचे नाव लिहून घ्या. नियम नीट समजून घ्या. त्यातले खास शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. मग चार मित्र किंवा मैत्रिणी जमवा आणि तो खेळ एकदा खेळून पाहा. वहीत लिहिलेला खेळ आठवणीत राहतो, पण मैदानात खेळलेला खेळच जिवंत राहतो.