लघवीची पिशवी किती भरली? एका आकड्यामागचं अनुमान

मंडळी, धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला पाणी मोजण्याबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे धाडसच. माकणीच्या निम्न तेरणा धरणात किती टक्के साठा आहे, सीना-कोळेगावात काय उरलंय, हे इथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा पाठ असतं. पण हे टक्के कोणी मोजतं का हो? धरणातलं पाणी घागरीने कोणी मोजलेलं नाही. मोजली जाते ती फक्त पातळी. अमुक पातळीला अमुक पाणी, असा तक्ता आधीच केलेला असतो, त्यावरून साठा काढतात. तळाशी गाळ साचला की पातळी खरी असते, पण साठा मात्र कागदावरचा राहतो.

आजचा विषय याच जातीचा आहे, फक्त धरण फार लहान आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या मूत्राशयात किती लघवी साठली आहे, हे सोनोग्राफीने मोजतात. तो आकडा कितपत खरा? तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं काहींच्या मनात आलं असेल. आम्ही आयुष्यभर ‘आपल्याला कळतं ते कसं कळतं’ एवढंच शिकवलं. तो प्रश्न वॉर्डातल्या खाटेशी जितका उघडा दिसतो, तितका वर्गात कधी दिसला नाही.

आधी दुखणं समजून घेऊ. हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, खुबा, सिझेरियन अशा शस्त्रक्रियांना पुष्कळदा कंबरेतून भूल देतात. त्या भुलीने पाय बधिर होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाही त्यात झोपतात. म्हणजे दोन गोष्टी एकदम बंद पडतात. लघवी लागल्याची जाणीव जाते, आणि पिशवी आवळण्याची ताकदही जाते. पाय हलायला लागले तरी पिशवीला जाग यायला आणखी वेळ लागू शकतो. इकडे सलाईन चालूच असतं. मूत्रपिंडं आपलं काम करत राहतात. साधारण चारशे ते सहाशे मिलीलीटर मावणाऱ्या पिशवीत हजार मिलीलीटर साठतं आणि रुग्ण शांत पडून असतो, कारण त्याला काही जाणवतच नाही. पिशवी अशी तासन्‌तास ताणलेली राहिली की तिचा स्नायू दुखावतो. काहींना मग दिवसेंदिवस, क्वचित कायमचा त्रास उरतो.

मग सगळ्यांनाच नळी का घालू नये? कारण नळी फुकट येत नाही. नळी आत असेल तितके दिवस जंतुसंसर्गाची शक्यता वाढत जाते. दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के, असा अंदाज सर्रास दिला जातो. शिवाय घालताना इजा होऊ शकते, आणि संकोच तर असतोच. साठ-पासष्टीचा शेतकरी, ज्याने बायकोसमोरही कधी ‘लघवी होत नाही’ म्हटलं नाही, त्याला विशीतल्या सिस्टरसमोर काय वाटत असेल?

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेनंतर सहा तास लघवी झाली नाही, याचे अर्थ दोन. एक, पिशवी भरली आहे पण वाट बंद आहे. दुसरा, पिशवी रिकामीच आहे, कारण रक्तस्राव किंवा पाण्याची कमतरता यामुळे मूत्रपिंडांतून लघवी तयारच होत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, भांडं कोरडं. उपाय मात्र अगदी उलटे. पहिल्यात पाणी बाहेर काढायचं, दुसऱ्यात बहुधा आत द्यायचं आणि कारण शोधायला धावायचं. तेव्हा ‘आत किती आहे’ हा प्रश्न पंडिती नाही.

आता यंत्र काय करतं ते बघा. आपल्या कानाला वीस हजार कंपनांपलीकडचा आवाज ऐकू येत नाही. हे यंत्र सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा आवाज पोटात सोडतं आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. म्हणजे यंत्र मोजतं तो वेळ. शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो असं धरून त्या वेळाचं अंतर करतं. पाण्यासारख्या द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून तो पडद्यावर काळा दिसतो. त्या काळ्या डागाची लांबी, रुंदी आणि खोली घ्यायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि ०.५२ ने गुणायचं. हा ०.५२ कुठून आला? लंबगोलाच्या घनफळाच्या सूत्रातून. पायचा सहावा भाग. म्हणजे मूत्राशय अंड्यासारखा गुळगुळीत लंबगोल आहे असं आपण मानून चाललो.

तो तसा असतो का? भरलेला असताना बराचसा असतो. अर्धवट भरलेला मात्र कधी त्रिकोणी, कधी चपटा, कधी बाजूने दाबलेला. म्हणून काही डॉक्टर ०.५२ ऐवजी ०.७ च्या आसपासचा गुणक घेतात. हिशेब करून पाहा. लांबी १०, रुंदी ८, खोली ७ सेंटीमीटर. गुणाकार ५६०. ०.५२ ने गुणलं तर २९१ मिलीलीटर, ०.७ ने गुणलं तर ३९२. पिशवी तीच, लघवी तीच, फरक शंभराचा. आणि तिन्ही मापं घेताना हात जरासा चुकून प्रत्येकी एक सेंटीमीटर कमी भरलं तर? ९, ७, ६. आकडा १९७ वर येतो. एकेका सेंटीमीटरने एक तृतीयांश लघवी गायब! अनेक रुग्णालयांत नळी घालायची रेषा चारशे ते सहाशेच्या दरम्यान कुठेतरी ओढलेली असते. ३९० आणि ४१० यांत रेषेच्या अलीकडे-पलीकडे असा भेद करणं हे यंत्राच्या कुवतीबाहेरचं आहे. ५० आणि ८०० यांतला भेद मात्र ते उत्तम करतं.

खास पिशवी मोजण्यासाठी केलेली छोटी यंत्रंही असतात. ओटीपोटावर ठेवलं, बटण दाबलं की आकडा. त्यात चित्र नीट दिसतच नाही, किंवा बघायला शिकवलेलं नसतं. सोय मोठी, पण आकडा कशावरून आला हे डोळ्याआड गेलं.

इथे आम्हाला न्यायदर्शन आठवतं. पर्वतावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. पण उलटं करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणाल तर नैयायिक तुम्हाला थांबवतात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला सरपण ओलं लागतं. या ‘ओलं सरपण’ अटीला ते उपाधी म्हणतात. न सांगितलेली, पण जिच्यावाचून नियम टिकत नाही अशी अट.

‘ओटीपोटात काळं दिसलं म्हणजे लघवी’ या नियमालाही अशी उपाधी आहे. तिथे दुसरा कोणता द्रव नसला पाहिजे. सर्वसाधारण माणसात नसतो. शस्त्रक्रियेच्या रुग्णात नेमका असू शकतो! जलोदराचं पाणी, अंडाशयातली गाठ, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शस्त्रक्रियेनंतर आत साचणारं रक्त. बटणवाल्या यंत्राने ते लघवी म्हणून मोजलं, नळी घातली आणि चमचाभर निघालं, तर ‘यंत्र बिघडलंय’ म्हणून गप्प बसायचं नसतं. आकडा मोठा आणि नळीत काही नाही, ही विसंगती हीच बातमी आहे. उलट बाजूही आहे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पिशवीत रक्ताच्या गुठळ्या असल्या की त्या काळ्या दिसत नाहीत, आणि पिशवी भरलेली असून आकडा कमी येऊ शकतो. ताजी जखम आणि तिच्यावरची पट्टी, आतला वायू, जाड पोट, बाळंतपणानंतर वर आलेलं गर्भाशय, या सगळ्यांनी आवाजाची वाट अडते किंवा आकार बदलतो.

‘यंत्राचा आकडा आणि नळीने काढलेली लघवी यांचा चांगला मेळ बसतो’ असं वाचलं की आमचे कान टवकारतात. कोणता मेळ? पिशवी जास्त भरली की आकडा वाढतो, एवढाच? रोज दहा मिनिटं मागे चालणारं घड्याळही खऱ्या वेळेबरोबर तंतोतंत वाढत जातं. म्हणून त्यावर एसटी मिळते असं नाही. ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा मांडला. दोन मापनपद्धती एकमेकींशी सहसंबंधित असणं वेगळं आणि एकमेकींशी जुळणं वेगळं. त्यांनी सांगितलं की प्रत्येक रुग्णातला फरक काढा आणि तो किती पसरलाय ते बघा. दोघांत शंभर जास्त आणि दोघांत शंभर कमी आलं तर सरासरी चूक शून्य येईल. खाटेवर सरासरी झोपलेली नसते, एक माणूस झोपलेला असतो.

नळीचा आकडा तरी कुठे ब्रह्मवाक्य आहे? नळीने थोडी लघवी मागे राहू शकते, धरणातल्या मृतसाठ्यासारखी. आणि मोजणी व नळी यांच्यात अर्धा तास गेला, सलाईन जोरात असलं, तर मध्यंतरी पन्नासेक मिलीलीटर सहज नवी येते. तो दोष सोनोग्राफीच्या माथी मारायचा नाही.

आता आपल्याकडची एक खास अडचण. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत सिस्टर छोटं यंत्र घेऊन खाटेशी येते. आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की कायदा उभा राहतो, आणि तो कारणाशिवाय नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्यामुळे गर्भ दाखवू शकणारं यंत्र नोंदवावं लागतं, ते कुठे राहील आणि कोण चालवेल हे ठरलेलं असतं. ही बंधनं सैल करा असं आम्ही म्हणणार नाही. पण परिणाम असा होतो की यंत्र एका खोलीत आणि तुंबलेला रुग्ण दुसऱ्या मजल्यावर. रात्री दोन वाजता त्या खोलीला कुलूप असतं.

म्हणून हात आणि घड्याळ विसरायचं नाही. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. थापटण्याने संतांची डोकी थोपटून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं. बाहेरून थोपटून आतलं ओळखायची ही कुंभाराची विद्या. ऑस्ट्रियातला लिओपोल्ड आउएनब्रुगर हा डॉक्टर खानावळवाल्याचा मुलगा. दारूची पिंपं ठोकून ती किती भरलीत हे जसं ओळखतात तसं त्याने रुग्णाची छाती ठोकून पाहिली, आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ओटीपोटावर बोटं ठोकून भरलेली पिशवी आजही ओळखता येते, फक्त ती बरीच भरल्याशिवाय नीट कळत नाही. थोडी भरली असताना सोनोग्राफी सरस, यात शंका नाही.

घरच्यांनी काय करावं, असं कोणी विचारेल. रुग्णाने शेवटची लघवी कधी केली ती वेळ लक्षात ठेवा, शस्त्रक्रियेला नेण्याआधी करून घ्या, आणि भुलीनंतर चार-सहा तासांत झाली नाही तर न लाजता सिस्टरला सांगा. ‘त्याला लागलीच नाही’ हे समाधानाचं कारण नाही. थोडी थोडी होतेय हेही पुरेसं नसतं, कारण काठोकाठ भरलेली पिशवी थेंबथेंब गळतेच.

आणि रुग्णालयात काम करणारे कोणी इथे असतील तर त्यांच्यासाठी एक साधी सूचना. सोनोग्राफीचा आकडा लिहिता तेव्हा वेळ आणि कोणता गुणक घेतला ते शेजारी लिहा. नंतर नळी घातलीच, तर निघालेली लघवी मापाच्या भांड्यात मोजून त्याच ओळीत पुढच्या रकान्यात लिहा, तीही वेळेसकट. पन्नास ओळी झाल्या की आपल्या वॉर्डातलं यंत्र, आपले हात आणि आपले रुग्ण मिळून किती चुकतात ते त्या वहीतच दिसेल.